चार चाकांचा दिवा

टॉवेलच्या कारखान्यातलं माझं काम सुटलं, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला. "गाडी चालवशील का?"

अप्पांचा धंदा बोअरमधल्या मोटारी वर काढायचा. मोटार जळली की शेतकरी फोन करतो. मग रानात जायचं, एकेक पाइप सोडवत मोटार वर ओढायची, दुरुस्त करून आणायची आणि पुन्हा खाली सोडायची. त्यांचा जुना जोडीदार मुलाकडे पुण्याला निघून गेला होता आणि अप्पांचे गुडघे गाडीतून उतरतानाच आवाज करत होते. मी चाळिशीला टेकलेली, एकटी. गाडी चालवता येत होती. मी हो म्हणाले.

तोवर अप्पांनी आपली जुनी जीप काढून वापरलेली पिकअप घेतली होती. आधीच्या मालकाने मागच्या हौद्यात लहानशी क्रेन बसवून घेतली होती, म्हणून ती आम्हाला बरी वाटली. शिवाय तिला चारही चाकांना जोर मिळायची सोय होती. आपल्याकडच्या काळ्या रानात ते लागतंच. ठिबकाचं पाणी मुरलेलं असतं, वरून जमीन कोरडी दिसते आणि चाक आत गेलं की जातच राहतं. जुन्या जीपला त्यासाठी लोखंडी दांडा होता. या गाडीला गिअरशेजारी एक गोल बटण. ते फिरवलं की समोर हिरवा दिवा लुकलुकतो, मग खाली कुठेतरी 'खट्' होतं, दिवा स्थिर होतो आणि पुढची चाकंही ओढायला लागतात. निदान तसं व्हायला हवं.

आमच्या गाडीत ते कधी व्हायचं, कधी नाही. दिवा लुकलुकत राहायचा. पाच-सहा वेळा बटण मागेपुढे केलं तर एखाद्या वेळी लागायचा. सुरुवातीला आम्ही ते चालवून घेतलं. रोज वापरायच्या वस्तूची खोड माणूस सांभाळून घेतो. कपाटाचं दार उचलून लावतो, नळ कापडाने बांधतो. तसंच.

मग मोहोळच्या पलीकडे एका डाळिंबाच्या बागेत आम्ही रुतलो.

सकाळपासून मोटार सोडायचं काम चाललं होतं. दुपारनंतर अवकाळीची एक जोरदार सर आली आणि गेली. बोअरला पाणी आलं, बागवाल्या नवरा-बायकोचे चेहरे सैल झाले. आम्ही बदललेले जुने पाइप हौद्यात भरले आणि निघालो. बांधाच्या अलीकडेच मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

मी बटण फिरवलं.

"लागला का?" अप्पांनी विचारलं.

"लुकलुकतोय."

"परत फिरव."

फिरवलं. परत फिरवलं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा आपला लुकलुकतोय. अप्पा खाली उतरले.

"अप्पा, तुम्ही ढकलू नका. ट्रॅक्टर मागवू."

"जरा रेटा दिला की निघंल की. तू हळू सोड."

बागवाला एका बाजूला, अप्पा दुसऱ्या बाजूला. मी हळू क्लच सोडला. गाडी हातभर पुढे सरकली आणि आरशातून अप्पा दिसेनासे झाले. मी ब्रेक मारून उडी टाकली, तर ते चिखलात आडवे, उजवा हात अंगाखाली. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "साकु." साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात, पण अप्पा थकले की त्यांच्या तोंडून कानडीच निघते.

बागवालीने आपल्या जुन्या साडीची पट्टी फाडून त्यांचा हात गळ्यात बांधला. ट्रॅक्टर आला. गाडी हलकी व्हावी म्हणून आम्ही सगळे पाइप आणि हत्यारं बांधावर काढून ठेवली, तेव्हा कुठे ती निघाली. सोलापूरला दवाखान्याच्या दारात गाडी लावली. अप्पांना आत नेल्यावर मी किल्ली विसरले म्हणून परत आले आणि रागाच्या भरात ते बटण फिरवलं. खट्. दिवा स्थिर. कोरड्या, सपाट, डांबरी जागेवर तो एका झटक्यात लागला होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्यातून काही समजावं, इतकं त्राण अंगात नव्हतं.

अप्पांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं.

गाडी घेऊन मी आधी शोरूमला गेले. तिथल्या तरुणाने कॉम्प्युटर जोडला, गाडी ठेवून घेतली आणि नंतर परत बोलावलं. "मॅडम, काहीच एरर दाखवत नाही. आम्ही चालवून बघितली, दर वेळी लागतंय." मग जरा थांबून म्हणाला, "घरी रोज कोण चालवतं?"

"मीच."

"अच्छा," म्हणाला. त्या अच्छाला उत्तर द्यायचा मला कंटाळा आला.

तिथून शहरातल्या एका जुन्या गॅरेजला. तिथले मिस्त्री शांत माणूस. गाडीखाली जाऊन आले, हात पुसत म्हणाले, "बाजी, नीचे की छोटी मोटर कमजोर दिखती. वोइच गिअर फिराती. बदल के देखते." मोटर बदलली. जोडण्या साफ केल्या, फ्यूज नवे घातले. त्यांच्यासमोर मी बटण पुन्हा पुन्हा फिरवलं आणि दर वेळी खट् झालं. मला हसू आलं. घरी येऊन अप्पांना सांगितलं, झालं एकदाचं.

अप्पांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून शेजारचे एक काका दिवसभरासाठी सोबत आले आणि आम्ही अक्कलकोटच्या बाजूला एका कामाला गेलो. हौद्यात नवे पाइप, साखळ्या, दुरुस्त केलेली मोटार. रानाच्या तोंडाशी मी बटण फिरवलं.

लुकलुक.

मी त्या दिवशी रडले नाही, चिडलेही नाही. गाडी बांधावर लावली आणि पाइप खांद्यावर घेतला. काकांनी दुसरं टोक धरलं. बोअर रानाच्या पार आतल्या टोकाला होता. एकेक पाइप असा नेला. ऊन मी म्हणत होतं. शेतकरी मागून येत कानडीत काकांना विचारत होता की गाडी आत का आणत नाही, आणि काका त्याला काहीतरी थाप मारत होते. क्रेन लांब बांधावर उभी, म्हणून मोटारही आम्ही दोराने, हातानेच सोडली. परतताना माझे तळवे स्टीअरिंगला टेकववत नव्हते.

घरी अप्पा जेवायचे थांबले होते. डाव्या हाताने भाकरी मोडायची त्यांना अजून सवय झाली नव्हती. माझे हात बघितले आणि म्हणाले, "इकून टाकू ती. सादी गाडी घेऊन ती बांधावर लावून करत जाऊ."

"कोण करणार अप्पा? तुम्ही?"

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मला तसं बोलायचं नव्हतं, पण बोलायला मऊ शब्द उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धुवायला अंगणात काढली. हौदा रिकामा होता. पाणी मारता मारता सहज, सवयीनेच, किल्ली फिरवली आणि बटण दाबून फिरवलं. खट्. लागला. मी पाइप बंद केला आणि तशीच पायरीवर बसले. दवाखान्याच्या दारात लागला होता, तेव्हा सामान बांधावर राहिलं होतं. शोरूममध्ये रिकामी. गॅरेजात रिकामी. लुकलुकला तो प्रत्येक वेळी भरलेल्या गाडीत.

"अप्पा," मी हाक मारली, "हिला ओझं भरलं की होतंय."

अप्पा दारात आले. "ओझ्याचा आन् दिव्याचा काय संबंद?"

"माहीत नाही. भरून बघू."

शेजारी घराचं बांधकाम चाललं होतं. तिथून वाळूच्या गोण्या मागून आणल्या, गवंड्यांनीच टाकून दिल्या. आमचे पाइपही भरले. गाडी मागून खाली बसली. अप्पा केबिनमध्ये चढून बसले, प्लास्टरचा हात मांडीवर आणि डावा हात बटणावर. मी चटई टाकून गाडीखाली सरकले.

"फिरवा."

"लुकलुक करतंय."

आयुष्यात पहिल्यांदाच तो दिवा लुकलुकतोय म्हणून मला बरं वाटलं. खालून वायरींची एक जाड गुंडाळी पुढून मागे गेलेली दिसत होती. मी तिला एका टोकापासून चाचपत निघाले. थोडी दाबायची, थोडी हलवायची आणि वर ओरडायचं.

"आता?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय अजून."

धुळीने डोळे भरले. मान आखडली. मातीचा एक खडा पाठीत रुतत होता आणि तो काढायला बाहेर सरकावं लागलं असतं म्हणून राहू दिला. क्रेनचा पाया गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळला होता. तिथे माझा हात आला. गुंडाळी त्या लोखंडी पट्टीखाली अडकली होती. मी ती बोटांनी किंचित सैल केली.

"लागला!" वरून अप्पा ओरडले. "अगं लागला की!"

मी हात सोडला.

"गेला."

क्रेन बसवणाऱ्याने पट्टी आवळताना वायरी खाली दाबल्या होत्या. गाडी रिकामी असली की त्यांना सैलपणा असायचा. ओझ्याने मागचा भाग खाली बसला की त्या ताणल्या जायच्या. वरचं रबर शाबूत दिसत होतं, पण आतली तांब्याची तार तुटून नुसती टेकलेली होती. कापल्यावर दोन टोकं हातात आली, हिरवट पडलेली. एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने तेवढा तुकडा काढून लांब वायर जोडली आणि पट्टीच्या बाहेरून वळवून घेतली. चहा गार व्हायच्या आत त्याचं काम झालं.

गोण्या हौद्यातच होत्या. अप्पांनी दहा-बारा वेळा बटण फिरवलं. दर वेळी खट्. मग ते खाली उतरले आणि आत जाऊन आडवे झाले.

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. पान्ह्याला जोर लावता येत नाही, ओला पाइप धरला तर निसटतो. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं आलं हेच पुष्कळ. मी गल्लीतल्या एका बाईला सोबत घ्यायला लागले. त्या आधी विड्या वळायच्या. हात बारीक, पण पकड घट्ट. अप्पा तरीही येतात. गाडीत बसून राहतात, मध्येच उतरून सांगतात की दोर असा नाही, असा धर. कधी त्यांचं बरोबर असतं, कधी आम्ही ते आधीच केलेलं असतं.

वायर जोडल्यानंतर खरी ओली जमीन लागली ती वेळापूरकडच्या एका उसाच्या रानात. सरीत पाणी उभं होतं. मी बटण फिरवलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. गाडी गुरगुरत, डुलत, भरल्या हौद्यासकट सरळ बोअरपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी होईल, निदान आम्ही एकमेकांकडे बघू. पण शेतकरी घाईत होता आणि बाई साखळी सोडायला उतरल्याही होत्या. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते.

काम आटोपून परतताना माझे डोळे मिटायला लागले. मी रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली गाडी घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या सीटवर बाई आधीच झोपल्या होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. अप्पांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता.

"झोप अजून जरा," ते म्हणाले. "मी हाय जागा."