मुद्गलांवरचे पट्टे

लेझमीच्या मुठी, लाठीकाठीतल्या ढाली, मुद्गल, अलीकडे कॅरमचे बोर्डसुद्धा. खेळाच्या सामानावर नक्षी काढण्यात माझं आयुष्य गेलं. कोणी भेटलं की विचारतं, हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून? अशा वेळी अजिंठ्याचं नाव घेतलं की माणसं खूश होतात. मी अजिंठा पाहिलेला नाही. वऱ्हाडात राहून, इतक्या जवळ असून पाहिलेला नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. मला पहिली खरी नक्षी सुचली ती बैलाच्या शिंगांवरून. हे सांगितलं की माणसं हसतात, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते.

अमरावतीच्या बाहेर, नांदगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा मळा होता. वांगी, मेथी, काकडी आणि कडेनं शेवंती-झेंडूचे वाफे. लहानपणी मी चिंचेवरून पडले आणि डाव्या हाताचं कोपर मोडलं. हाड बसवणाऱ्यानं त्याला जमलं तसं बसवलं. भाजी खुडायला, फुलं ओवायला अडचण येत नसे, पण तो हात खांद्याच्या वर सरळ जात नसे. आजही जात नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, कारभार नागपूरचा. अमरावतीत पोरांना आखाड्यांची वाण नव्हती. मुलींसाठी आमच्या बाजूला एकच वर्ग होता, तोही सकाळचा. शिकवणाऱ्या बाई नांदगाव खंडेश्वरच्या, उंच, पदर खोचून उभ्या राहिल्या की गडीमाणसंही वाट सोडत. मी मोठ्या हौसेनं नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की मुद्गल फिरवणं आपल्याला जमायचं नाही. मुद्गल म्हणजे मुठीकडे बारीक आणि खाली जाड होत जाणारं लाकूड. एकेका हातात एकेक घेऊन खांद्यामागून गोल फिरवायचं. माझा उजवा फिरे, डावा अर्ध्या वाटेत अडके आणि मुद्गल पाठीत बसे. तरी मी जात राहिले. कट्ट्यावर बसून बघत असे. तिथल्या मुलींचं हसणं, धापा टाकणं, एकमेकींच्या वेण्या ओढणं मला हवं होतं. मळ्यात माझ्याशी बोलायला माय होती आणि बैल होते.

बाबांना हे पटेना. फूल तोडायची वेळ आणि वर्गाची वेळ एकच. "पोट्टी कसरत करत नाही, मंग तिथं जाऊन करते काय?" ते मायला विचारत, मी समोर असले तरी मायलाच. त्याच सुमारास सुताराकडून नवे मुद्गल आले, कोरे, पांढरे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या मैदानावर आमच्या वर्गाचे खेळ व्हायचे होते. बाईंनी मला आखाड्याच्या मातीत बोटानं वेली काढताना पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "फिरवता येत नाई ना तुले? मंग रंगव."

मी घरी येऊन हे सांगितलं. बाबांनी थोडा विचार केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "अकोल्यापर्यंत जाय. तुह्या रंगानं काई झालं तर पाहू. नाई तर दसऱ्यानंतर वर्ग बंद. शेवंतीले हात लागतात, बाई." त्यात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली, कारण रागावलेल्या बाबांना मनवता येत असे.

मी जीव ओतला. दुसऱ्याच्या मळ्यात काय उगवतं याच्याशी मला काय करायचं, आमच्याच मळ्यातलं सगळं त्या लाकडावर उतरवलं: शेवंती, झेंडू, वांग्याची जांभळी फुलं, मधूनमधून पोपट. मूठसुद्धा सोडली नाही, तिच्यावर पानं काढली. माय एकेक मुद्गल मांडीवर घेऊन बसे. "बाप्पा, हे तर देवघरात ठेवा लागते," म्हणाली. मी फुगले होते हे काय सांगायला हवं?

पोळ्यानंतर दोन-चार दिवसांनी बाईंनी मुलींना मुद्गल दिले. मुलींनी ते उलटेपालटे करून पाहिले, माझ्या पाठीत कौतुकाचे धपाटे घातले. मग रांग लागली, बाईंनी शिट्टी फुंकली आणि मुद्गल फिरायला लागले. माझी फुलं गेली. पोपट गेले. लाल, हिरवं, पिवळं, जांभळं सगळं एकमेकांत मिसळून प्रत्येक मुलीच्या दोन्ही बाजूंना शेणकाल्याचा रंग फिरत होता. वर्ग संपल्यावर कळलं की घामानं मुठीचा रंगही सुटलाय. सगळ्यांचे तळवे हिरवे. मुली एकमेकींच्या गालांना ते पुसत पोट धरून हसत होत्या. मला त्या सगळ्यांना विहिरीत ढकलून द्यावंसं वाटलं.

बाई हसल्या नाहीत. "मुगदल ठेवून पाह्याची चीज नाई, पोरी. फिरवून पाह्य," एवढंच म्हणाल्या. फिरवून पाहू? मी? नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मुद्गल पोत्यात भरले आणि घरी आणले.

दुसऱ्या दिवशी मी मोटेजवळ बसून होते. काचपेपरानं फुलं घासून काढायची आणि त्यांच्या जागी काय काढायचं ते मात्र ठाऊक नाही, असं चाललं होतं. बाबा मोट हाकत होते. आमच्या बैलांच्या अंगावर पोळ्याचं अजून सगळं होतं. पाठीवर मायनं उठवलेले हाताचे छापे, कपाळावर नाम, शिंगांवर बाबांनी दिलेले रंगाचे पट्टे. बुडाशी रुंद तांबडा, मग पिवळा, मग टोकाकडे अरुंद होत गेलेला पांढरा. माशा बसल्या म्हणून थोरल्या बैलानं मान झटकली. त्या झटक्यात कपाळावरचं नाम पुसट दिसलं, शिंगांवरचे पट्टे मात्र जसेच्या तसे, उलट पंख्यासारखे पसरले. मी उठून जवळ गेले. बैल थांबला होता. मला तो परत हलायला हवा होता, म्हणून मी त्याच्या कानात गवताची काडी घातली.

"काहून छळून राहिली त्याले?" बाबा ओरडले.

"मान हलवू द्या ना, बाबा!"

बाबांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. त्यांनी मोटेचा नाडा सोडला, बैलाला सावलीत नेलं आणि मला मेथी निवडायला बसवलं. मेथी निवडताना मी मनात पट्टे ओढत होते. शिंग आणि मुद्गल, दोन्ही एकीकडे जाड, एकीकडे निमुळतं. दोन्ही गोल फिरणारं. पट्टा पूर्ण गोल असेल तर फिरताना तो मोडत नाही, त्याचं हवेत कडं होतं. शेजारी-शेजारी रंग असे हवेत की एकमेकांना खाणार नाहीत. आणि मूठ कोरी. इतकं सरळ होतं ते. मला इतका आनंद झाला की मेथीच्या काड्या टोपलीत आणि पानं उकिरड्यावर गेली. त्याबद्दल मायच्या शिव्या खाल्ल्या.

बाईंना पट्टे दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःच मुद्गल उचलले, दोन फेरे घेतले आणि मला विचारलं, "दिसलं?" मी मान डोलावली. पण मोकळ्या मैदानात, लांबून, परक्या माणसांना दिसेल की नाही, याची खात्री दोघींनाही नव्हती.

दसऱ्याचा झेंडू विकून झाला होता. पोरींबरोबर कोणी वडीलधारं हवं, म्हणून बाबाही अकोल्याला आले. मैदान भरलेलं. पोरांचे खेळ झाले, मग आमचे. मी मुलींच्या चपला सांभाळत कडेला उभी. शिट्टी झाली, मुद्गल उठले, आणि प्रत्येक मुलीच्या दोन्ही बाजूंना तांबडी, पिवळी, पांढरी कडी उभी राहिली. वेग वाढला तशी ती घट्ट झाली. पार मागच्या लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मला रडू आलं आणि चपलांचं भान राहिलं नाही.

शेवटच्या वंदनासाठी मुली रांगेत आल्या. बाईंनी हुकूम दिला नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"तू तिथं काय करून राहिली? रांगेत ये."

"बाई, माह्या हातात मुगदल नाई."

"मंग तशीच उभी राह्य. लवकर, लोकं थांबले हायेत."

मी पळत जाऊन कडेला उभी राहिले. मुलींनी मुद्गल छातीशी घेतले. मी नुसत्या मुठी छातीशी नेल्या. तेवढं माझं कोपर वाकतं.

बाबा तिथून जवळच उभे होते. शेजारच्या कोण्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, "तुमची पोरगी कोणती?" चारचौघांत बाबा माझ्या हाताचा विषय कधी काढत नसत. पुढे लग्नाचं बघायचं होतं. मी समोर बघत राहिले, कान मात्र तिकडे.

"ते कडंची," बाबा म्हणाले. "हात वाकडा हाये ना, तेच. मुगदल तिनंच रंगवले."

परतताना बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. बाकावर बसल्या-बसल्या त्यांनी विचारलं, "वर्ग आता कधी?"

"सोमवारी सकाळी."

"सोमवारची शेवंती मी तोडतो," बाबा म्हणाले.