हेडसेट आणि दाराजवळची खुर्ची

शिकवणीच्या धंद्यात दुसरं काही जमो न जमो, किस्से मात्र रोज जमतात. लातूरच्या एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवतो. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या हेडसेटचे आहेत!

संचालकांना आम्ही मोठे सर म्हणतो. शेजारच्या क्लासनं एसी बसवला, म्हणून यांनी व्हीआर हेडसेट आणला. डोळ्यांवर चढवला की माणूस थेट हृदयाच्या आत! भलताच महाग. पोरांना द्यायजोगा आहे का, हे आधी आम्ही मास्तरांनी तपासायचं, असं ठरलं.

अर्थातच आधी पूजा झाली. हार, नारळ, हळदकुंकू. मग बायोलॉजीच्या पाटील मॅडमनी तो चढवला आणि ओरडल्या, "सर, सगळं लालच दिसायलंय!"

"हृदय हाय ते, मॅडम. लालच असणार!" मोठे सर म्हणाले.

भिंगावर कुंकू सांडलंय हे कळेपर्यंत मॅडमना भोवळ आली होती.

मग लातूरजवळच्या मुरुडचे एक पालक आले. उन्हाळा होता, गावात टँकर चालू. मोठ्या सरांनी त्यांना हेडसेटमध्ये समुद्र दाखवला. बघता बघता ते म्हणाले, "सर, ह्यातलं एक टँकर धाडता का आमच्याकडं?" आम्ही खो खो हसलो. त्यांनी हेडसेट काढला तेव्हा ते हसत नव्हते.

चाकूरची एक मुलगी होस्टेलला होती. टेस्ट सिरीज चालू म्हणून दिवाळीलाही तिला घरी सोडलं नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "सर, ह्यात आमचं चाकूर दिसंल का?"

"परीक्षेत चाकूरवर प्रश्न येत नाही, बाळा!"

मला मोठ्या सरांचा असा राग आला, की चहा तसाच टाकून मी उठलो.

राहिले फिजिक्सचे गायकवाड सर. थंडी असो, ऊन असो, स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कायम दाराजवळ. "सरांना घरी पळायची लई घाई!" असं आम्ही चिडवायचो. एकदा ते शांतपणे म्हणाले, "त्र्याण्णवच्या भूकंपात मी दाराजवळ निजलो होतो, म्हणून बाहेर पळालो. ताई आत ऱ्हायली." त्या दिवसापासून चिडवणं बंद झालं.

हेडसेटमध्ये भूकंपाचाही प्रोग्राम होता. घर हलायला लागलं की दार गाठून बाहेर पडायचं, एवढंच. मोठे सर म्हणाले, "गायकवाड, यातले जाणकार तुम्हीच. तुम्ही हो म्हणालात की पोरांना देऊ."

"कशाला हो सर, राहू द्या की," पाटील मॅडम म्हणाल्या. पण गायकवाड सरांनी तो चढवलाच.

त्यांना आत काय दिसतंय, ते आम्हाला भिंतीवरच्या टीव्हीत दिसत होतं. घर हललं. दार समोरच होतं, उघडं. सरांनी दाराकडे पाठ फिरवली आणि ते आतल्या खोलीकडे वळले. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी स्टाफरूमची फरशी उकरायला लागले. "ताई, हात दे. हिकडं. हिकडं दे."

टीव्हीत छत कोसळलं, अंधार झाला. मग अक्षरं आली : 'तुम्ही बाहेर पडू शकला नाहीत. पुन्हा प्रयत्न करा.'

"न्हाई, न्हाई द्यायचा हा पोरांना!" म्हणत मोठे सर हेडसेट काढायला धावले. गायकवाड सरांनी तो दोन्ही हातांनी डोळ्यांवर घट्ट दाबून धरला.

"काढू नका, सर. अजून एकदा लावा."