ओब्रादच्या पायाची पाहणी

ओब्राद तेओफिलोविचने एकतीस वर्षं गुचाच्या डोंगरात बस चालवली, पण कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याला कधी जमलं नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर घर बांधायचं निघालं आणि विदोये म्हणाला, “मी असताना दुसरा गवंडी कशाला?” तेव्हा विषय तिथंच मिटला. विदोये त्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, म्हणजे त्याचा कूम. त्या डोंगरात कुमाची जागा सख्ख्या भावाच्या वर आणि देवाच्या जरा खाली.

विदोयेचा हात झपाट्याचा. पायाचा चर खणून झाला, रिवाजाप्रमाणे त्यात कोंबडा कापला, सगळ्यांनी घोटघोट राकिया, म्हणजे फळांची दारू, घेतली आणि तीन दिवसांत सळ्यांची जाळी पसरून तो मोकळा.

ओब्रादची बायको स्तानोइका मात्र रात्रंदिवस कुरकुरत होती. “त्याने बांधलेल्या शेजारच्या मिलेवाच्या गोठ्याला अशी भेग पडलीय, की रस्त्यावरून गाय दिसते. कुणी त्रयस्थ माणूस आण बघायला.”

“आणू की, घर पूर्ण झालं की आणू.”

“ब्रेक तू डेपोत तपासायचास की दरीत?”

कोठाराच्या मागे जाऊन, हळू आवाजात, ओब्रादने चाचाक शहरातल्या लेपोसावाबाईंना फोन लावला. बाई निवृत्त इंजिनियर. घरमालकांच्या वतीने बांधकामं तपासून द्यायच्या.

“घर पूर्ण झालं की तुम्हाला बोलवावं म्हणतो,” ओब्राद म्हणाला.

“तेव्हा पाद्र्याला बोलवा, तो पवित्र पाणी शिंपडेल! मला काँक्रीट पडायच्या आधी बोलवायचं. मग छपरावर कौलं चढायच्या आधी आणि नळ-वायरी गिलाव्याखाली जायच्या आधी. एकदा झाकलं की मी काय बघणार, नशीब? काँक्रीट कधी आहे?”

“उद्या, दहाला.”

“सातला येते.”

आता कुमाला सांगायचं काय? ओब्रादला रात्रभर झोप नाही. सकाळी बाई गाडीतून उतरल्या आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “कूमा, ही माझी क्राल्येवोची मावशी. पाया बघायला आलीय. तिला… हौस आहे.”

विदोयेने अदबीने टोपी काढली. मावशीने पुढे आलेला कॉफीचा कप त्याच्याच हातात दिला, रबरी बूट चढवले आणि ती चरात उतरली. छत्रीच्या टोकाने तिने एक सळई उचलून पाहिली. मग खिशातून टेप निघाली.

“कूमा,” विदोये कुजबुजला, “तुझी मावशी टेप घेऊन फिरते?”

“आमच्या घराण्यात… पद्धत आहे.”

“सळ्या मातीवर लोळतायत!” खालून आवाज आला. “खाली ठोकळे कुठायत? अशाच गंजतील. कोपऱ्यात वळवून बांधल्याच नाहीत, नुसत्या एकमेकींना टेकल्यात.”

विदोयेचा चेहरा बिटासारखा झाला. “बाई, या चरात कोंबडा कापलाय! पंचवीस वर्षं मी असंच बांधतोय!”

“मग कोंबड्याला सांगा, कोपरा धरून बस म्हणावं.”

खोटं बोलून घामाघूम झालेला ओब्राद आयुष्यात पहिल्यांदा मध्ये उभा राहिला. “कूमा, ही मावशी नाही, इंजिनियर आहे. मीच बोलावलीय. हे नीट झाल्याशिवाय काँक्रीट पडायचं… नाही.”

शब्द एकदाचा बाहेर पडला. विदोये चरात उतरला आणि सळ्या वाकवू लागला. दहाला आलेला काँक्रीटचा ट्रक दुपारपर्यंत उभा राहिला. त्याच्या ड्रायव्हरला स्तानोइकाने तीनदा जेवू घातलं.

पुढचे नऊ दिवस विदोये कामाला आला, पण कॉफीला बसला नाही. ओब्रादला ते मार खाल्ल्यासारखं लागलं. दहाव्या दिवशी विदोये आपण होऊन व्हरांड्याच्या पायरीवर टेकला.

“त्या बाईचा नंबर दे.”

“भांडायला?”

“माझी पोरगी नोवी सादला घर बांधतेय. तिथला गवंडी म्हणे फार झपाट्याचा आहे.” घसा खाकरून तो म्हणाला, “मला त्याचा भरवसा वाटत नाही.”

स्तानोइका हसू दाबत आत गेली आणि येताना कॉफीबरोबर राकियाची बाटलीही घेऊन आली.