डोरीनबाईंची गुरुवारची शिकवणी

आमच्या वेदरिंगहॅमला पूर्वी भाजलेल्या जवाचा वास यायचा. बिअरसाठी लागणारे जव भिजवून, मोड आणून भाजायची मोठी भट्टी नदीकाठी होती आणि निम्मं गाव तिथंच कामाला असायचं. मी शाळेत भूगोल शिकवत होतो. दुसरं कुणी तयार होईना म्हणून फुटबॉल क्लबचं सामन्याचं पत्रकही मीच लिहायचो. त्यामुळे डोरीन कॅचपोल या बाईंना मी पंचवीस वर्षं दर शनिवारी भेटत आलो.

बाई ठेंगण्या होत्या, पण हात बाप्याचे. सोळाव्या वर्षी क्लबचे शर्ट धुवायला म्हणून आल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. आमचे शर्ट चिंचोक्याच्या रंगाचे. ते आतूनबाहेरून ओळखणारी गावात ती एकच बाई. खेळाडूंपैकी सिडनी कॅचपोलचा शर्ट त्या जरा जास्त जपून इस्त्री करतात, हे लोकांच्या लक्षात आलं तोवर लग्न ठरलंही होतं. पुढे गोलामागच्या लाकडी टपरीत त्या चहा विकायला लागल्या. सिडनी भट्टीत कामाला होता. धुळीनं त्याची छाती गेली आणि एकोणसत्तर साली तोही गेला. मूलबाळ नव्हतं. त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाई टपरीवर हजर.

मी म्हटलं, "बाई, आजच्या दिवस राहायचं होतंत घरी."

"घरी बसून काय करू मास्तर? घड्याळ बघू?" त्या म्हणाल्या आणि चहाच्या बंबाखालचा गॅस मोठा केला.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. गावापासून आठ मैलांवर अमेरिकन लोकांचा विमानतळ होता, लष्करी. ते लोक आमच्यात फारसे मिसळायचे नाहीत. त्यांची दुकानं, त्यांचं थिएटर, सगळं तारेच्या कुंपणाआत. पण त्या वर्षी तिथली घरं अपुरी पडली आणि काही कुटुंबं गावात भाड्यानं राहायला आली. डोरीनबाईंच्या शेजारी ओडम जोडपं आलं. मार्विन ओडम विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. माणूस उंच, बोलणं कमी. त्याची बायको क्लॅरिस ओहायोची, सव्वीस वर्षांची. तिकडे ती स्वतः गाडी चालवायची. इकडे रस्त्याची बाजू उलटी म्हणून गाडीला हात लावायची नाही. नवरा सकाळी गेला की दिवसभर खिडकीत.

एका शनिवारी दुपारी तिनं बाईंचं दार वाजवलं.

"मॅम, काही झालंय का? सगळी गल्ली एकाच दिशेनं चाललीय."

"काही नाही गं. मॅच आहे."

"कुणाची?"

"आपली," बाई म्हणाल्या. "कोट घाल. गार आहे मैदानावर."

क्लॅरिसनं पुढं मला सांगितलं, की इंग्लंडमध्ये येऊन तिला पाच महिने झाले होते आणि 'आपली' हा शब्द तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळाला होता.

तो सामना शून्य-शून्य सुटला. शिट्टी झाली, माणसं घराकडे वळली. क्लॅरिस टपरीपाशी उभीच.

"आता जादा वेळ खेळणार ना?"

"आता घरी जाणार."

"पण जिंकलं कोण?"

"कुणी नाही. दोघांना एकेक गुण. जिंकले असते तर दोन."

"मग लोक टाळ्या कशाला वाजवत होते?"

"गेल्या वर्षी ह्याच लोकांनी आपल्याला पाच गोल घातले होते, म्हणून."

क्लॅरिसला काही पटलं नाही. पण पुढच्या गुरुवारी ती बाईंच्या स्वयंपाकघरात आली, सोबत विमानतळावरच्या दोन मैत्रिणी घेऊन. गुरुवार एवढ्याचसाठी, की त्या दिवशी बाईंचे शर्ट वाळत असायचे आणि हात रिकामे. महिन्याभरात सात-आठ जणी यायला लागल्या. गावांची नावं त्यांच्या ध्यानात राहीनात, तेव्हा बाईंनी मला निरोप धाडला, "शाळा सुटल्यावर नकाशा घेऊन या." त्या दिवसापासून मीही त्या शिकवणीचा झालो. चहाबरोबर जिरं घातलेला केक मिळायचा, हेही एक कारण होतं.

बाईंच्या स्वयंपाकघरात सहा फळ्यांचं उंच फडताळ होतं. सगळ्यांत वरच्या फळीवर लग्नातली चिनी मातीची भांडी, आणि खाली येता येता साधी, मग टवके गेलेली. बाई स्टुलावर चढून उभ्या राहिल्या.

"ही वरची फळी. हे टीव्हीवर दिसणारे मोठ्या शहरांचे संघ. ही दुसरी, ही तिसरी, ही चौथी. वर्षाच्या शेवटी प्रत्येक फळीवरचे तळाचे खालच्या फळीवर जायचे आणि खालचे पहिले वर यायचे."

"आणि आपण?" क्लॅरिसनं विचारलं.

बाई स्टुलावरून उतरल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि पाचव्या फळीवरचा कान तुटलेला चहाचा मग पुढं सरकवला. "हे आपण."

बायका हसल्या. त्यातली एक, पेट्रा नावाची, टेक्सासची, जरा फटकळ होती. ती म्हणाली, "म्हणजे चार वर्षं पहिले आलो की सगळ्यांत वर?"

"नाही गं बाई. चौथ्या आणि पाचव्या फळीच्या मधे कुलूप आहे. तिथं नुसतं पहिलं येऊन चालत नाही, वरच्यांनी मतं द्यावी लागतात. आणि आत बसलेला माणूस शेजाऱ्याला बाहेर काढायला मत देत नाही. खाली पडायला मात्र कुलूप नाही. तिकडे दार सताड उघडं."

"आमच्याकडे कुणीच पडत नाही," पेट्रा म्हणाली. "उलट जो शेवटचा येतो, त्याला पुढच्या वर्षी नवीन पोरांतला सगळ्यांत चांगला खेळाडू आधी निवडू देतात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमच्या वर्गात शेवटून पहिला कोण?"

"वॉल्टर फिस्क."

"त्याला बक्षीस देता का?"

"अजून तरी नाही."

"बघा," बाई म्हणाल्या. त्यांना ते इतकं नवलाचं वाटलं, की आठवडाभर टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या.

कप नावाच्या वेगळ्या स्पर्धेचा घोळही असाच एका गुरुवारी निस्तरला. लीग चालू असताना मधेच कपाचे सामने कुठून येतात, हे कुणालाच कळेना. बाई म्हणाल्या, "लीग म्हणजे संसार. दर शनिवारी करायचा. कप म्हणजे जत्रा. जत्रेत कधीमधी शिपायाच्या पोराला साहेबाच्या पोराशी कुस्ती मिळते. हरला की घरी. पण सोमवारी दोघांनाही संसार आहेच." हे मात्र सगळ्यांना एका दमात समजलं.

त्या हिवाळ्यातला एक गुरुवार मला चांगला आठवतो. बाकीच्या लवकर गेल्या होत्या. क्लॅरिस एकटीच मागं राहिली, कप विसळत. बाईंनी सहज विचारलं, "तुझ्या गावाला काय खेळतात गं?"

"बेसबॉल. आमच्या शहराचा संघ होता. बाबा टायरच्या कारखान्यात होते. रविवारी मला खांद्यावर बसवून न्यायचे."

"होता म्हणजे? बुडाला?"

"नाही. मालकानं दुसऱ्या शहरात नेला. दोन हजार मैलांवर. तिथं त्याला मोठं मैदान बांधून देत होते."

बाईंच्या हातात किटली होती, ती त्यांनी खाली ठेवली. "संघ उचलून नेला? नावासकट?"

"नावासकट. बाबांनी त्यानंतर रेडिओवर एकही सामना ऐकला नाही. मैदान पाडलं. आता तिथं गाड्या लावतात."

"आणि कुणी अडवलं नाही त्याला?"

"कोण अडवणार मिसेस कॅचपोल? संघ त्याचाच होता."

बाईंनी फडक्यानं ओटा पुसून काढला. मग म्हणाल्या, "आमच्या क्लबलाही अध्यक्ष आहे. भट्टीचा मालकच. पैसे तोच घालतो. पण हा मैदान उचलून कुठं न्यायला लागला असता, तर सिडनीनं त्याला नदीत ढकलला असता." आणि थोड्या वेळानं, "मला डोरीन म्हण. मिसेस कॅचपोल माझी सासू होती."

त्या वर्षी आमचं नशीब काही बरं नव्हतं. दोन बचावपटू जायबंदी झाले, गोलकीपरचं लग्न झालं आणि त्याचं लक्ष उडालं. शेवटच्या शनिवारी गणित असं होतं, की बरोबरी झाली तर पाचवी फळी राहील, हरलो तर सहावी. हे गणित मी पत्रकात छापायच्या आधीच क्लॅरिसनं मला तोंडी सांगितलं. हॉक्सलीशी सामना होता. ओडम जोडपं, पेट्रा, बाकीच्या बायका, त्यांचे नवरे, सगळे आले होते. नवऱ्यांना काही कळत नव्हतं, बायका त्यांना समजावत होत्या.

शहाऐंशी मिनिटं शून्य-शून्य. पेट्रा ओरडत होती, "असंच राहू दे, असंच राहू दे." पहिल्यांदा बरोबरी बघून तोंड वाकडं करणारी हीच माणसं. मग हॉक्सलीला कॉर्नर मिळाला, गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून चेंडू आत गेला, आणि संपलं.

शिट्टी झाली. मग मागच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, संथ, एकेक करत. पोरं मान खाली घालून आत गेली. क्लॅरिस रडत होती. मार्विन टपरीपाशी आला, टोपी काढली.

"मॅम, आता काय होणार? क्लब बंद?"

बाई चहाचे मग धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आता काय होणार? मोजे धुवायचे. अकरा जोड आहेत, आणि चिखल वाळला की निघत नाही."

मार्विननं बाह्या वर सारल्या आणि बादली उचलली.

ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला. अमेरिकन लोकांना वाटलं होतं मैदान ओस पडलेलं असेल. बघतात तर फाटकाशी रांग. गेल्या वर्षीपेक्षा शंभर माणूस जास्त. खालच्या फळीवर आजूबाजूच्या खेड्यांचे संघ होते. दहा-दहा वर्षं न भेटलेले शेजारी, मेहुणे, जुने दुश्मन, सगळे परत समोर आले होते. पहिलाच सामना नदीपलीकडच्या स्टोकबरोशी. तिथून एक म्हातारा सायकलवर आला होता. टपरीवर येऊन म्हणाला, "काय डोरीन, वर करमेना वाटतं?"

"तुझी आठवण आली म्हणून आलो," बाई म्हणाल्या. "साखर किती?"

आम्ही चार-एकनं जिंकलो. क्लॅरिस घरी जाताना मला म्हणाली, "मास्तर, पडणं म्हणजे असं असतं हे डोरीननं सांगितलंच नव्हतं."

ऐंशी साली ओडमची बदली झाली. निघताना क्लॅरिसनं बाईंना एवढंच सांगितलं, "कळवत राहा." बाईंना लिहायचा कंटाळा. त्या दर सोमवारी वर्तमानपत्रातला गुणतक्ता कात्रीनं कापायच्या, आमच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारायच्या आणि पाकिटात घालून ओहायोला धाडायच्या. पत्र नाही, मजकूर नाही. एक्क्याऐंशीच्या वसंतात आम्ही पहिले आलो. त्या दिवशी बाई सोमवारपर्यंत थांबल्या नाहीत. पोस्टात जाऊन तार केली: "वर आलो. डोरीन."

शिकवणी त्यानंतरही काही वर्षं चालली. कुटुंबं येत, दोन-तीन वर्षं राहत, जात. प्रत्येक नव्या बाईला फडताळ दाखवलं जायचं. मग कुंपणाआत नवी घरं झाली आणि अमेरिकन लोक पुन्हा तिकडेच राहायला लागले. भट्टीही बंद पडली. जव भाजल्याचा वास जाऊन गावात नुसता पेट्रोलचा वास उरला. भट्टीच्या मालकानं हात काढून घेतला, पण मैदान गावाचंच राहिलं. आम्ही वर्गणी काढून क्लब चालवला. बाईंना संधिवात झाला. शर्ट धुवायला यंत्र आलं, चहा मात्र त्याच करत.

नव्वद साली क्लॅरिसचं लांबलचक पत्र आलं. बाईंचे डोळे अधू झाले होते, म्हणून मी टपरीत बसून वाचून दाखवलं. तिच्या गावात तिनं मुलींच्या फुटबॉलची लीग काढली होती. आठ संघ. तिनं हट्ट धरला होता, की शेवटच्या संघानं खाली गेलंच पाहिजे. मुलींच्या आयांनी विचारलं, "खाली कुठं? खाली तर काहीच नाही." तेव्हा दोन वर्षं खपून, शेजारच्या तालुक्यांतून पोरी गोळा करून तिनं खालची लीगसुद्धा उभी केली.

"मग?" बाईंनी विचारलं. "पहिल्या वर्षी खाली कोण गेलं?"

मी पान उलटलं. "तिचाच संघ."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता ती खरी शिकली."

ब्याण्णवच्या नोव्हेंबरात बाई गेल्या. दफन शुक्रवारी झालं. दुसऱ्या दिवशीचा सामना पुढं ढकलायचा का, असं समितीत कुणीतरी विचारलं. सामना ठरल्या वेळी झाला. क्लॅरिसला मी सविस्तर कळवलं होतं, तिनं फुलं पाठवली होती. ती टपरीच्या कट्ट्यावर ठेवली होती. त्या दिवशी चहा गोलकीपरच्या बायकोनं केला. पाणचट झाला होता. आम्ही सगळ्यांनी तो घेतला, आणि बऱ्याच जणांनी दुसऱ्यांदाही मागितला.