मास्क वर घ्या, गुरुजी!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. थोड्या वेळात माझ्या गाडीत माझी सासू बसणार आहे, आणि ती बसल्यावर कोणी हसलेलं मला खपणार नाही. फजिती माझी आहे, पण ऐकताना धडधड तुमच्या छातीत होईल. चहा संपवून टाका, हातातून सांडेल.

मी खामगावात प्राथमिक शाळेवर मास्तर. गाडी शिकलो लॉकडाउनमध्ये. लोक घरी बसून केक शिकले, केस कापायला शिकले, मी चारचाकी शिकलो. म्हणजे लायसन आधीच्याच महिन्यात हातात पडलं होतं, मेव्हण्याची जुनी गाडी दारात येऊन उभी होती, पण ती गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची माझी छाती नव्हती. तेवढ्यात आम्हा मास्तरांना चेकनाक्यावर ड्युटी लागली. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर, शहराच्या बाहेर. येणाऱ्याचं नाव लिहायचं, ताप मोजायचा. काचेला पास चिकटवला आणि निघालो.

काय रस्ते होते हो ते! ज्या चौकात एरवी ऑटो, हातगाड्या, गुरं आणि मधोमध गाड्या उभ्या करून गप्पा हाणणारे दोन पुढारी असतात, तिथं एक कुत्रं आडवं झोपलेलं. ते मला पाहून उठायचंही नाही, मीच वळसा घालायचो. दोन महिन्यांत मी हॉर्न एकदाच वाजवला, तोही कोपर लागून. आरशात पाहायचा प्रश्नच नव्हता. मागं होतं कोण? डावा आरसा मी भिंतीला घासू नये म्हणून आत दुमडला होता, तो दुमडलेलाच राहिला. रस्त्याच्या मधोमध, चौथ्या गिअरमध्ये, शिट्टी वाजवत!

आमची शोभा तेव्हाच म्हणाली होती, "रस्ता रिकामा हाय म्हणून तुम्ही डायवर दिसून राह्यले. गर्दी होऊ द्या, मंग पाहू."

गर्दी झाली. सगळं उघडलं. पण गंमत अशी, की रस्ता पुन्हा भरला तरी लोक तो रिकामाच आहे असं समजून गाड्या हाकत होते. सगळं गाव माझ्यासारखं झालं होतं! ज्याला त्याला अख्खा रस्ता पाहिजे, आणि ब्रेक तर जणू विसरूनच गेलेले. आणखी एक सवय लागली होती सगळ्यांना. पोलिसानं हात केला की माणूस ब्रेक दाबायचा नाही, आधी मास्क वर ओढायचा. मास्क नाकावर असला की झालं, मग गाडी कुठूनही घुसवा. मीही त्यातलाच एक. वर मास्तर! म्हणजे माझं कधी चुकत नाही, हे धरूनच चालायचं.

आता सासूबाई. त्या राहतात पिंपळगाव राजाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी ऑपरेशनची तारीख मिळाली, तर लॉकडाउन लागला. मग वर्षभर पुढं, पुढं, पुढं. शेवटी समोर धरलेला हातही धूसर दिसायला लागला, आणि तेव्हा कुठं खामगावच्या डॉक्टरांनी मंगळवार दिला. अकराच्या आत या, नाहीतर पुढचा नंबर दोन महिन्यांनी.

शोभा म्हणाली, "मी भावाले सांगतो, तो आणंल आईले."

"त्याची काय गरज? त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा ओळखतो मी!"

गाडीत माणसं कमी पाहिजेत म्हणून शोभा घरीच थांबली आणि मी एकटाच गेलो. सासूबाई नव्या लुगड्यात तयार होत्या. त्यांना मागं, डाव्या बाजूला बसवलं. मी स्वतः त्यांचा सीटबेल्ट लावला आणि मी स्वतः दार धाडकन लावलं. हे 'मी स्वतः' जरा लक्षात ठेवा.

"जवाईबापू, हळू न्या बरं."

"आई, डोळे मिटून बसा."

"मिटले काय न् उघडले काय," त्या म्हणाल्या, "मले सारखंच."

गावाबाहेर पडलो तर स्टँडजवळ एक म्हातारा गळ्यातला गमछा धरून माझ्याकडं पाहत जोरजोरात हलवायला लागला. मी म्हटलं, काय जागरूक माणूस आहे! मास्क हनुवटीवर होता, तो नाकावर घेतला आणि त्याला नमस्कार केला.

पुढं शेतात चाललेल्या चार बाया. त्यातल्या एकीनं स्वतःचा पदर हातात धरून मला दाखवला. बाकीच्या ओरडायला लागल्या. मला तर गहिवरून आलं! मास्क आणखी वर घेतला, डोळ्यांपर्यंत.

"आई, काय सुधारलेत हो लोक! पदरानं तोंड झाका म्हणतात."

"हो काय? बरं हाय."

समोरून टेम्पो आला. त्यानं दिवे मारले, हात बाहेर काढून खाली, रस्त्याकडं दाखवलं. आता मात्र मला वाटलं, आपला मास्कच पातळ असेल. गाडी चालवता चालवता एका हातानं दुसरा मास्क चढवला. चष्म्यावर वाफ जमली. वेग किती होता विचारू नका.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला माझ्या बाजूला आला. तोंडाला त्याच्याही कपडा, माझी काच बंद. तो ओरडतोय, "ओ काका! कपडा! कपडा!"

"बांधला ना बे! दोन दोन बांधले!"

"मागं! मागं!"

मागं? मला वाटलं, मागतोय. बिचाऱ्याला चांगला मास्क पाहिजे असेल. मास्तराचं मन हो! डॅशबोर्डवर कोरे मास्क होते, त्यातला एक उचलला, काच खाली केली आणि दिला भिरकावून. तो त्याच्या तोंडावर जाऊन बसला. त्यानं करकचून ब्रेक मारला आणि तो मागं पडला. नंतरचं त्याचं बोलणं मी ऐकलं नाही. बरंच झालं.

पण 'मागं' हा शब्द डोक्यात राहिला. म्हटलं, मागं सासूबाईंचा तर मास्क घसरला नसेल?

"आई, मास्क वर घ्या!"

"घेतला हो. पण जवाईबापू, मले कोणीतरी वढून राह्यलं."

"तो पट्टा आहे आई. तुमच्या सुरक्षेसाठीच असतो."

"लय जीव लावते हो तुमचा पट्टा."

ऐकलंत? त्या बाईनं मला सांगितलं होतं! आणि मी काय केलं? हसलो.

खामगावात शिरलो. पावणेअकरा. चौकात ही गर्दी! माझी गाडी पहिल्यांदाच एवढ्या दाट ट्रॅफिकमध्ये घुसलेली. मुंगीसारखी चाललेली. पोलिसानं मला लांबूनच पाहिलं. त्यानं एक हात वर केला आणि दुसरा स्वतःच्या गळ्याजवळ नेला. माझा हात सवयीनं मास्ककडं गेला. पाय ब्रेककडं नाही, हात मास्ककडं! तो माणूस सरळ बॉनेटसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा कुठं मी ब्रेक दाबला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

मी काच दोन बोटं खाली केली. "साहेब, दोन मास्क लावलेत! पाहिजे तर मोजा!"

"मास्क राहू द्या हो!" तो ओरडला. "गाडी बोटभरही हलवू नका! लुगडं चाकात गेलं!"

मी मागं वळून पाहिलं.

सासूबाई दाराकडं कलल्या होत्या. मान तिरकी, पदर खांद्यावरून गळ्याशी ताणलेला, दाराच्या फटीतून बाहेर, आणि बाहेरून मागच्या चाकात. आता मी हे हसत सांगतोय, पण त्या क्षणी माझ्या अंगातलं रक्त कुठं गेलं ते मला माहीत नाही. पट्टा सोडायला गेलो तर हाताला बटणच सापडेना. मी नुसता "आई, आई" म्हणत होतो.

पोलिसानं दुसऱ्या दारानं आत शिरून आधी त्यांना धरलं. कडेला हार विकणारी एक बाई दोऱ्याची कात्री घेऊन धावत आली. "सरका बाजूले!" तिनं मलाच ढकललं, आणि कराकरा पदर कापला.

सासूबाई सरळ झाल्या. एक लांब श्वास घेतला. गळ्यावरून हात फिरवला.

"आता बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आला काय दवाखाना?"

मी तिथंच, भर चौकात, फुटपाथवर बसलो. हारवालीनं मला पाणी पाजलं. लक्षात घ्या, सासूबाईंना नाही, मला! पोलीस दार उघडून पाहत होता. गावापासून पदर नुसता फडफडत आला होता, त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. चाकात तो गुंडाळला गेला चौकातच, गाडी रांगत असताना.

"वेगात असता ना गुरुजी…" काचेवरचा ड्युटीचा पास वाचून एवढंच म्हणाला तो. मग म्हणाला, "लायसन?"

मी त्याला उरलेला मास्क दिला. त्यानं तो घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाईंले दवाखान्यात न्या. पण गाडी इथंच राहू द्या. ऑटोनं जा."

अकराला पाच कमी असताना आम्ही ऑटोनं दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी गळा पाहिला. नुसता लाल वळ होता, बाकी काही नाही. ऑपरेशन झालं, आणि पुढं दुसऱ्या डोळ्याचंही झालं. शोभानं मला किती दिवस काय काय ऐकवलं ते सांगत बसत नाही, तेवढा वेळ तुमच्याकडं नाही. मी पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझ्या शेजारी बसलेली पोरं मला "गुरुजी, क्लच!" म्हणून ओरडायची, मी ऐकून घ्यायचो. जीव वाचला होता हो! कोणी काहीही म्हटलं तरी मला गोडच लागत होतं.

महिनाभर आमच्याकडं राहून सासूबाई गावी निघाल्या. चष्मा नवा, नजर लख्ख. लांबच्या दुकानाची पाटी वाचत होत्या. मी गाडी पुसून दारात आणली, डावा आरसा उघडला, मागचं दार स्वतः उघडून धरलं. म्हटलं, "बसा आई. आता अगदी हळू नेतो."

सासूबाईंनी गाडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, चांगलं निरखून. आणि पिशवी उचलून यष्टी स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.

"आई, अहो, काऊन? मागं बसल्या होत्या ना माझ्या गाडीत!"

"बसलो होतो जवाईबापू," त्या न थांबता म्हणाल्या, "पण तेव्हा मले दिसत नव्हतं!"