कुबट तणस

पोरी, इकडं ये. कागदावरच का होईना, पण अशी जवळ बस. आजी थोडी रागावणार आहे, ऐकून घे. मागल्या खेपेला मी तुझ्या घरी आले तर तू खिडक्या लावून, वर पंखा सोडून, कोरडा झाडू मारून राहिली होतीस. लेकरू तिथंच पलंगावर शिंकत होतं, अन् तू म्हणतेस, "आजी, याला सर्दीच फार होते." सर्दी नाही ती, बाई. असल्याच शिंकेपायी सासरचे माझा संसार मोडायला निघाले होते. ज्यांनी मोडायला काढला त्यांना मी सोडलं नाही.

स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आपला मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात. माहेर माझं नागऱ्याचं, सासर केशोरीकडं, धानाचं घर. थंडीत जमिनीवर धानाची तणस, म्हणजे वाळला पेंढा, पसरायची, तिच्यावर पोतं, पोत्यावर गोधडी. गादी काय गरम राहील इतकं गरम! मळणी झाली की घरात नवी तणस यायची, अन् कोणाला कोणती द्यायची ते मोठी जाऊ ठरवायची. आधी सासू-सासरे, मग ती स्वतः. मी नवी सून, म्हणून मला मागल्या वर्षीची, गोठ्याच्या कोपऱ्यात उरलेली. पावसात भिजून वाळलेली, कुबट. हात लावला की पांढरी भुकटी उडायची.

महिन्याभरात मला धाप लागली. सकाळी उठले की शिंकांवर शिंका, डोळे लाल, छातीत शिट्टी. विहिरीवरून घागर आणताना तीनदा टेकावं लागे. नवरा थंडीभर लाखोरीच्या डाळीचं पीक राखायला शेतावर, त्याला काय कळणार? जाऊ मात्र मला ऐकू जाईल अशा आवाजात सासूला सांगायची, "मामीजी, दमेकरी पोरगी गळ्यात मारली वो तिच्या बापानं. खोट लपवून देली. भाऊजीसाठी दुसरी पाहा."

सासूला आम्ही मामीजी म्हणायचो. मामीजी आधी नुसत्या ऐकायच्या, मग मान हलवायला लागल्या. त्या काळी दुसरी बायको आणताना पहिलीला कोण विचारत होतं? पण मला लागलं ते दुसरंच. माझ्या बापाला तिनं लबाड म्हटलं होतं. तेव्हाच ठरवलं, हिला सोडायची नाही.

संक्रांतीला माहेरी गेले. तिथं चार दिवस खाटेवर, धुतलेल्या गोधडीवर झोपले. एक शिंक नाही! सासरी परतले, दुसऱ्या सकाळी छातीत पुन्हा शिट्टी. तेव्हा समजलं, खोट माझ्यात नव्हती, माझ्या अंथरुणात होती.

मग लागले कामाला. नाकाला पदर बांधला. बांबूला झाडू बांधून आधी वरची जाळी काढली, मग भिंती, शेवटी जमीन, तीही पाणी शिंपडून. उंदरांची बिळं बुजवली, शेणमातीनं सारवलं. गोधड्या राखेच्या पाण्यात उकळल्या, दगडावर आपटल्या, दोन दिवस कडक उन्हात घातल्या. आपटताना जाऊचं तोंड आठवायचं, म्हणून फार स्वच्छ निघाल्या. तणस गाईपुढं टाकली तर गाईनं हुंगून मान फिरवली. मी उघड्या चटईवर झोपू लागले. आठ दिवसांत धाप गेली.

कोणाला सांगितलं नाही मी. ती तणस पोत्यात भरून ठेवली. जाऊ दोन दिवस तिच्या माहेरी गेली, तेव्हा तिच्या अंथरुणाखालची नवी तणस काढली, ही भरली. वर तिचंच पोतं, तिचीच गोधडी.

ती परतली, अन् तिसऱ्या सकाळी विहिरीवर शिंकायला लागली. थांबेचना. बाया घागरी खाली ठेवून पाहून राहिल्या. काय गोड वाटलं म्हणून सांगू! मी विचारलं, "काऊन वो जाऊबाई, तुमच्या बापानं बी लपवलं का?"

ती तशीच घरी पळाली. "मामीजी, इचा रोग मले लागला! आज मले, उद्या तुमाले. धाडा इले!"

हे असं माझ्यावरच उलटेल, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला माहेरी पोचवायला सासऱ्यांनी रेंगीला, आमच्या लहान गाडीला, बैल जुंपायला सांगितले. माझी पेटी ओट्यावर आली. पण रडले नाही. सरळ जाऊच्या खोलीत गेले, तिचं अंथरूण ओढत अंगणात आणलं अन् मामीजींच्या पायापुढं झटकलं. पांढरा धूर उठला. मामीजी वाकून पाहायला गेल्या, अन् ज्या शिंकायला लागल्या! पदर तोंडावर धरून भिंतीला टेकल्या.

मी म्हटलं, "मामीजी, तुमाले बी माहेरी धाडू का? बैल जुंपलेलेच आहेत."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. हसत होते, मी पाहिलं. मग मी सगळं सांगून टाकलं. ही माझीच तणस, हिनंच मला दिलेली, मीच तिच्या खाली घातली.

"चोट्टी!" जाऊ ओरडली.

"हाव, चोट्टी. तुमचंच होतं, तुमालेच वापस देलं."

मामीजींनी श्वास सावरला. "बैल सोडा," म्हणाल्या. मग जाऊकडं वळल्या. "ते तणस नेऊन जाळ. अन् घरच्या साऱ्या गोधड्या तूच धू. कशा धुवाच्या ते इले इचार."

तिला विचारावं लागलं, पोरी! मी ओट्यावर पाय पसरून बसले. "राख अजून टाका. जोरानं आपटा. नाई निघाली धूळ, पुन्हा." एक गोधडी आधीच स्वच्छ होती, तीही दोनदा धुवायला लावली.

लोक म्हणतात म्हातारपणी राग विरतो. माझा नाही विरला. बापाबद्दल बोललेला शब्द तिनं मरेपर्यंत मागं घेतला नाही, अन् मीही माफ केलं नाही. पुढं मामीजींच्या सांगण्यावरून दरसाल तणस मी वाटली. कुबट काडी कोणाच्या खाली जाऊ दिली नाही, तिच्याही नाही. पण तिला मिळायची सगळ्यांत शेवटी, अन् तीही मागितल्यावर.

आता ती नाही, मामीजी नाहीत, एवढ्या घरात मी एकटीच बोलून राहते. बाकीचं कागदावर मावत नाही. तू ये ना. सणावाराची वाट पाहू नको, लवकर ये.