दुसऱ्या पंपाची नळी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जायच्या आधी उशाशी बसून होतो, तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. तुम्हाला काऊन सांगून राहिलो, ते मलाच धड कळत नाही. तुमच्यावर भरवसा आहे असंही नाही. भरवसा मी कोणावर ठेवतच नाही — आणि सगळं तिथूनच बिघडलं.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. शाळा चौथीतच सुटली, पण ट्रक शेडमध्ये शिरतानाच्या आवाजावरून त्याला काय झालं ते मी सांगायचो. माझ्याच शेडमध्ये हिवराज बसायचा. तारा, बॅटऱ्या, दिवे त्याचे. बाकी सगळं माझं. वयानं लहान, मला दादा म्हणायचा. तार जोडून झाली की स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. स्क्रू हलला की ठिपक्याला तडा जातो, मग बघताक्षणी कळतं. ड्रायव्हर चिडवायचे — भाभीच्या नखांसाठी काही ठेवतो का नाही? तोही हसायचा आणि ठिपका द्यायचाच.

गोंदियाचा एक तरुण त्याची गाडी घेऊन आला. गाडीला सुपरचार्जर बसवलेला, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारं यंत्र. हवा वाढली, पेट्रोल मात्र तेवढंच. देवरीकडच्या चढावर पाय दाबला की इंजिन गुदमरायचं. टाकीत दुसरा पंप बसवायचा होता. पहिला कायम चालणार, आणि हवेचा दाब वाढला की हिवराजच्या तारेवर दुसराही सुरू होणार. असली कामं नागपूरवाले करतात. मग मी काऊन नाही म्हणू?

पंपासोबत आलेली नळी वीतभर कमी पडली. मी माझ्याजवळची काळी नळी कापली. डिझेलची. ट्रकांना जन्मभर तीच लावत आलो. हिवराज जवळ येऊन म्हणाला, "दादा, हे नळी बाहेरून चालते. टाकीत बुडवाची नाही. पेट्रोलात फुगते हे."

गाडीमालक शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर?

"तू तारा पाह," मी म्हणालो. "पेट्रोल माझं हाय."

तो आपल्या तारांकडे वळला. पण थोड्या वेळानं पाहतो तर तो आणि गाडीमालक चहाच्या टपरीमागे हळू आवाजात बोलून राहिले होते. मी गेलो तर दोघंही चूप. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. हा माझं गिऱ्हाईक फोडून राहिला. गोंदियात याला गॅरेज उघडून देणार असतील. दादाला काही कळत नाही, असं सांगत असेल. मी गाडीच्या मागे धानाच्या बोऱ्यांचा पडदा टांगला आणि आतलं काम एकट्यानं केलं. हिवराज म्हणाला होता की एकेका पंपाचं पेट्रोल डब्यात काढून मोजून पाहू. मी म्हटलं, माझे कान शाबूत आहेत. दोन्ही पंप वाजले. गाडी गेली.

काही आठवड्यांनी ती दुसऱ्या गाडीवर लादून परत आली. रायपूरच्या रस्त्यावर पळवताना इंजिन आतून वितळलं होतं. पिस्टनला भोक. हवा पोटभर, पेट्रोल अर्धपोटी — दुसरं काय होणार?

मी पुन्हा बोऱ्या टांगल्या. टाकी उघडली. नळी फुगून लिबलिबीत झाली होती आणि उभी फाटली होती. दुसरा पंप फिरायचा, वाजायचा, आणि सगळं पेट्रोल टाकीतल्या टाकीत परत सांडायचं.

इथं जरा थांबतो.

मी ती नळी सदऱ्याच्या आत कमरेला खोचली. त्याच नळीचा नवा तुकडा कापून लावला. मग हिवराजच्या रिलेचा, म्हणजे दुसऱ्या पंपाला करंट सोडणाऱ्या डबीचा, स्क्रू पेचकसानं ढिला केला. लाल ठिपक्याला तडा गेला, तो मी पाहिला. तार उपसून लोंबती ठेवली. आणि गाडीमालकाला न् हिवराजला हाक मारली.

"दुसऱ्या पंपाले करंटच नाही भेटला," मी म्हणालो. "तार सुटली."

गाडीमालकानं टाकीत डोकावून पाहिलं. नळी नवीकोरी. मग तो हिवराजवर फिरला. "पाइप के लिए मेरे पीछे पड़ा था — नागपुर से मँगवाओ, पर चाचा को मत बताना, बुरा मान जाएँगे। और खुद का तार नहीं कसा?"

टपरीमागे बोलणं ते हे होतं.

तेव्हा बोलता आलं असतं. नळी माझ्या कमरेला होती, पेट्रोलानं कातडी जळून राहिली होती. एवढं करायचं होतं — हात घालायचा आणि काढून दाखवायची. मी हात घातला नाही.

हिवराज वाकला. त्यानं स्क्रू पाहिला. ठिपक्यावरचा ताजा तडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. अंगठ्यानं तो लाल चुरा पुसला आणि म्हणाला, "असन दादा. माझ्याच हातानं ढिली राह्यली असन."

फाट्यावर गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. हिवराजची तार सुटते, इंजिन जाळते. ट्रकवाले त्याला टाळू लागले. ठिपक्यावरून हसायचे ते आता वेगळं हसायचे. मी ऐकत होतो. एक दिवस त्यानं आपला खोका उचलला आणि गेला. सडक अर्जुनीला शेतातल्या मोटारींना तार गुंडाळून देतो आता. हायवेची गाडी पुन्हा त्याच्या हाती लागली नाही.

तो बोलला काऊन नाही, हे मी आजही शोधून राहिलो. कायले पुसला तो चुरा? मान राखला म्हणावं, तर मला पटत नाही. वाटतं, जपून ठेवलं असेल, कधीतरी चारचौघांत काढेल. बाजारात भेटला की "दादा, तब्येत कशी हाय?" विचारतो, आणि मी त्या शब्दांतही काही लपलं आहे का ते चाचपत घरी येतो. त्याच्याकडून मोटार आणलेल्या माणसांना मी आडून विचारलं, माझ्याबद्दल काही बोलतो का. एक म्हणाला, "बोलते ना. म्हणते, पंपाचं काम दादापासून शिकलो."

त्या माणसाचाही मला संशय आला.

कमरेवर काळा डाग आहे. डॉक्टरला मी म्हटलं, सायलेन्सर लागला. नळी ढाब्याच्या भट्टीत टाकली, तेव्हा काळा धूर निघाला होता. आता दाखवायला काहीच उरलं नाही, म्हणून लिहितो.

नळी माझी होती. स्क्रू मी ढिला केला. हिवराजची तार पक्की होती.